ब्याण्णव टक्के

माझा आवाज अमेरिकेला पाठवायचा होता, आणि मला इथे दरदरून घाम फुटला होता.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. तिकडच्या मुलाला माझा फोटो पसंत पडला होता. आता म्हणे आवाज ऐकायचाय. बाबांनी सिविक सेंटरच्या बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानाचा पत्ता हातात ठेवला. तिथे अरुणकुमार बसायचा — मोहन नगरचा, आमच्यासारखाच विदर्भातल्या घरचा. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

"बोला," माइक पुढे करत तो म्हणाला.

"काय बोलू?"

"नाव, शिक्षण... घाबरू नका, तो काही आत्ताच ऐकून नाही राहिला."

कसंबसं बोलले. फोनच्या तारेवरचा मोडेम किंचाळला आणि फाइल निघाली. टक्के दाखवणारी निळी पट्टी सरकू लागली. ही पट्टी भरली की तिकडून होकार, आणि होकार आला की मी गेलेच. माझं मत कोणी विचारलंच नव्हतं. माझा चेहरा पाहून अरुणकुमारनं पडद्यावर एक चिमणी उडवून दाखवली. आठ चित्रं जोडून त्यानंच ती हलती केली होती.

ब्याण्णव टक्क्यांवर लाइन कटली.

"उद्या या," तो खाली बघत म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर दोन चिमण्या होत्या.

"दुसरी कोण?"

"तिले अजून रंगवून राहिलो. रंग... तुमच्या ओढणीचा घेऊ का?"

मी ओढणी सावरली. नाही मात्र म्हटलं नाही. लाइन पुन्हा ब्याण्णवलाच कटली.

तिसऱ्या दिवशी बाबाच सोबत आले. माझे बाबा, श्यामराव, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. ते माझ्या मागेच खुर्ची ओढून बसले. सत्तर... ऐंशी... नव्वदला मी हळूच चप्पल काढली आणि टेबलाखाली पायाच्या अंगठ्यानं फोनची तार चाचपली.

तारेवर आधीच एक हात होता.

मी अरुणकुमारकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे. हात मागे सरला नाही, पायही नाही... आणि तार निघाली.

"लाइन बराबर आहे," बाबा म्हणाले. "सकाळीच तपासली म्या. मग कटून कावून राहिली?"

त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. अरुणकुमारचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, तीनही दिवस मीच —"

"आज मी पण," मी म्हणाले. "बाबा, मले नाही जायचं तिकडं. मले... हा आवडते."

"घरी कावून नाही सांगितलं?"

"तुमचं भेव वाटे."

बाबा सरळ होऊन बसले. मग अरुणकुमारला म्हणाले, "लाव ती तार."

अरुणकुमारनं वाकून ती लावली.

"अन् तिकडं लिही त्याइले, पोरगी नाही म्हणते."

ते एका ओळीचं पत्र क्षणात गेलं. बाबा उठले. "रविवारी तुह्या बापाले घेऊन घरी ये. मग पाहू," एवढं बोलून ते बाहेर पडले.

"तुमचा आवाज... पुसून टाकू?" अरुणकुमारनं हळूच विचारलं.

मी दारातूनच मागे वळले.

"राहू दे. दुसऱ्या चिमणीले लागेल ना..."