आखूड पट्टा

नव्या पट्ट्याचं भोक गोल असतं. पट्टा वापरात आला की बक्कलाचा काटा ते रोज एकाच दिशेला ओढतो आणि ते हळूहळू लंबगोल होतं. मी मापनाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे असल्या गोष्टींकडे लक्ष जातं. नवऱ्याच्या मते हा एक आजार आहे.

पट्ट्याची गरज मात्र त्यालाच होती. दुकानातून आणलेला प्रत्येक पट्टा चार दिवसांत पापुद्रे सोडायचा. एकच चांगला, जुना पट्टा उरला होता, तोही ऑफिसच्या जिन्यात तुटला. समोरून साहेब येत होते आणि याचे दोन्ही हात पँट धरण्यात गुंतलेले.

"हातानं बनवलेला, अस्सल चामड्याचा शोध आता," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर नाडी ओवून देते."

"बघू," नवरा म्हणाला.

तो सगळ्यालाच बघू म्हणतो. आमच्या लहान खोलीच्या भिंतीवर पिवळा, निळा, हिरवा असे रंगाचे तीन चौकोन वर्षभर तसेच होते. कोणता लावायचा ते तो बघत होता.

शेवटी मीच शोधायला निघाले. चपला शिवणाऱ्यानं बॅगा शिवणाऱ्याकडे पाठवलं आणि त्यानं एका जिन्याखालची खोली दाखवली. आत मेणाचा आणि ओल्या चामड्याचा वास होता. छताला पट्टे लोंबत होते. ते पडद्यासारखे बाजूला सारत मी आत गेले. कारागीर आडव्या अंगाचा होता आणि त्याची स्वतःची पँट सुतळीनं बांधलेली होती.

"स्वतःसाठी करायला सवड कुणाला आहे?" माझी नजर पाहून तो म्हणाला.

"कंबर एक्क्याण्णव सेंटिमीटर," मी म्हणाले. "अर्धा इकडेतिकडे."

"जेवणाआधी की नंतर?"

मी मापाचा कागद उलटून पाहिला.

"माप राहू द्या, ताई. जुना पट्टा आणलाय का?"

मी तुटलेला पट्टा दिला. त्यानं तो हुंगला, दुमडला, कडेवरून अंगठा फिरवला. "डावीकडे खाली ओढलाय. कुणीतरी याला धरून चालतं."

"तिथे ते किल्ल्या अडकवतात."

"किल्ल्या लोंबतात. धरत नाहीत." त्यानं पट्टा कानाजवळ नेला. "हात लहान आहे."

वर्षापूर्वी आम्ही मूल दत्तक घ्यायचं म्हणून एका बालगृहात गेलो होतो. तिथलं एक मूल नवऱ्याचा पट्टा धरून आमच्याबरोबर सगळ्या खोल्यांतून हिंडलं होतं. काही न बोलता. निघताना त्याची बोटं सोडवावी लागली. संचालिकाबाई म्हणाल्या होत्या, "बाकी सगळं झालंय. फक्त तुमचा होकार कळवा." नवरा बघू म्हणाला. मी म्हणाले, अजून थोडा विचार करते. पण एका दुपारीत चामड्याला वळण पडत नाही. हे मला पक्कं माहीत होतं.

पट्टा आणायला गेले तेव्हा त्यानं दोन दिले. एक नवऱ्याचा, देखणा. दुसरा तसाच, पण त्याच्या निम्म्यानं आखूड.

"हा कुणाचा?"

"घरात जेवढे, तेवढे करतो."

"आमच्या घरात—"

"घरी जाऊन नीट मोजा," तो म्हणाला आणि पुन्हा आरी चालवायला लागला.

नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो पट्टा लहान खोलीत, तीन रंगांच्या खाली, खुंटीला अडकवला.

महिन्याभरानं तिथला दिवा बदलताना मला दिसलं. आखूड पट्ट्याचं बक्कलाकडचं पहिलं भोक लंबगोल झालं होतं. शेजारी बक्कलाचा वळ होता.

"आई, हा कुणी घातला होता का?"

"माझ्या मनगटाला?" त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं शपथ घेतली. जेवणाची शपथ तो खोटी घेत नाही. मग मी पट्टा प्रयोगशाळेत नेला आणि माझ्या खणात कुलूप लावून ठेवला. किल्ली माझ्या गळ्यात. शिपाई कुजबुजला, "बाई सोनं ठेवायला लागल्या."

पावसाळा संपेपर्यंत दुसरं भोक ओढलं गेलं. हिवाळ्यात तिसरं. चामडं मऊ पडलं होतं, कडा घामानं काळवंडल्या होत्या. कंबर वाढत होती. मी सूक्ष्ममापी लावून प्रत्येक भोक मोजलं आणि कुणालाच सांगितलं नाही.

पट्टा घेऊन पुन्हा जिन्याखाली गेले.

"हा परत घ्या."

कारागिरानं तो उलटसुलट केला आणि तोंड वाकडं केलं. "वापरलेला माल परत घेत नाही."

"पण हा कुणी वापरलेलाच नाही!"

"ताई," तो समजुतीनं म्हणाला, "मीही धंदा करतो."

मी पट्टा पुन्हा खणात ठेवला. नंतर बरेच दिवस खण उघडला नाही. उघडला असता तर घरी जाऊन बोलावं लागलं असतं.

काल उघडला.

तिसऱ्या भोकाचा वळ जुना झाला होता. दुसऱ्याचाही. पहिलं भोक पुन्हा ओढलं गेलं होतं.

त्याच्याही आत, बक्कलाकडे, एक नवं भोक होतं. वेडंवाकडं. खिळ्यानं पाडल्यासारखं.

ते कारागिराचं नव्हतं.

मी त्यावर बोट ठेवलं. कड कोमट होती.

पट्टा घेऊन तशीच घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. नवऱ्यानं चारही भोकं पाहिली. हसला नाही. त्याचा हात आपोआप स्वतःच्या पट्ट्याकडे गेला, डाव्या बाजूला.

"बारीक होतंय," सासूबाई म्हणाल्या. "जेवत नसेल."

मग नवरा उठला, लहान खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पिवळा."

मी फोन लावला. संचालिकाबाईंनी आवाज ओळखला.

"बाई, आमचा होकार आहे," मी म्हणाले. "पट्टा धरून हिंडलं होतं, त्याच मुलाला. आम्ही निघालोय."