एका पडद्यावर दोघं

"हा दुसरा भाग नाहीच मुळी! नुसतं नाव तेवढं सारखं ठेवलंय," मी कंट्रोलर टेबलावर ठेवत पुटपुटले.

"का बरं?" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

गेम खेळून त्यातल्या चुका काढायच्या, ही माझी नोकरी. त्यातून दुसराच दिवस. चहाचा कप घेऊन बसलेला तो चष्मेवाला कोण, मला काय ठाऊक? मी आपली सुटलेच.

"चित्रं सुरेख आहेत, नदी तर खरी वाटते. पण पहिल्या भागात दोघं एकाच पडद्यावर चालायचे. एक पुढे गेला की कडेला अडकायचा... दुसरा येईपर्यंत. मी आणि ताई त्यावरून किती भांडायचो! आता पडद्याचे दोन तुकडे. तू तुझ्या वाटेनं, मी माझ्या. मग दोघांनी खेळायचं कशाला?"

त्यानं कप खाली ठेवला.

"ते कडेला अडकणं... माझी चूक होती. दोघं एका चित्रात मावेनात. लोकांनी इतकी नावं ठेवली, की दोन वर्षं खपून ती दुरुस्त केली."

मी जीभ चावली. "म्हणजे हा गेम तुमचा?"

"तुम्ही पास केलात तर," तो हसला. हसताना चष्मा नाकावरून घसरला आणि माझं लक्ष उगाच तिकडे गेलं.

तरी अहवालात मी 'नापास' लिहिलं. खोटं लिहिणं जमेना. मग तीन आठवडे शेजारची खुर्ची रिकामीच. तो रागावला असेल, याचं काही वाटत नव्हतं. तो परत शेजारी बसणारच नाही, या विचारानं मात्र जीव थोडा थोडा व्हायचा.

एका दुपारी तो आला. दोन कप, दोन कंट्रोलर. पडदा पुन्हा एकच!

"बघा, जमलंय का."

पडद्यावरचा त्याचा माणूस पुलापर्यंत पोचला आणि कडेला अडकला. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला.

"ये ना," तो म्हणाला. अहो-जाहो कुठच्या कुठे पळालं होतं.

"जा की पुढे. कोण अडवतंय?"

"तुझ्याशिवाय... जाता येत नाही."

"गेममध्ये?"

तो पडद्याकडे बघतच नव्हता. कान मात्र लाल झाले होते.

"गेममधलं दुरुस्त करता येतं मला," तो हळूच म्हणाला. "हे... नाही येत."

"करूही नकोस," मी म्हणाले, आणि कंट्रोलर उचलून पळतच पूल गाठला.