गोधडीतलं गार पिल्लू

जाड गोधडीत गुंडाळलेलं पिल्लू गार कसं पडलं? रेणूला हा प्रश्न पडला तेव्हा पिल्लू तिच्या हातात होतं आणि उत्तर शोधत बसायला वेळ नव्हता. तुम्हाला वेळ आहे, तेव्हा जरा विचार करून ठेवा. तोवर हे पिल्लू आलं कुठून ते सांगून टाकू.

त्या दिवशी सकाळी चिखलदऱ्याचं धुकं अंगणात रेंगाळत होतं आणि त्या धुक्यातून एका ड्रोनने दारात पेटी उतरवली. पेटीत कोंबडीची सहा पिल्लं होती. विकतची नव्हेत. रेणूच्या आजीची तांबडी नावाची एक कोंबडी होती. दिवाळीआधी आजी गेली आणि पाठोपाठ तांबडीही गेली. तिची शेवटची अंडी परतवाड्याच्या उबवणी केंद्रात दिलेली होती, त्यातून ही पिल्लं निघाली. आजीच्या हातची म्हणावी अशी घरात एवढीच जिवंत गोष्ट उरली होती. सहाव्या पिल्लाच्या डोक्यावर तर अगदी तांबडीसारखा तांबूस ठिपका होता. आणि नेमकं तेच उभं राहत नव्हतं.

रेणूचे आई-बाबा दक्षिण ध्रुवावरच्या संशोधन केंद्रात होते, उन्हाळ्यात परतणार होते. घरात तिचे आजोबा, देवराव खंडारे. रेणू त्यांना आबाजी म्हणायची. अंतराळयानाला बाहेरच्या भयंकर थंडीतही आतून उबदार कसं ठेवायचं, यावर त्यांनी सगळी हयात घालवली होती. आजी होती तेव्हा तिघंही एकाच खोलीत झोपत. आजी गेल्यावर आबाजींनी रेणूचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवला. "माह्या खोकल्यानं पोरगी जागी होते," असं त्यांनी रेणूच्या आईला फोनवर सांगितलं. कसला खोकला! आबाजी दार लावून रडायचे. भिंतीपलीकडे रेणूलाही रडू यायचं. पण त्यांना शांतता हवी असेल, म्हणून ती कधी दार वाजवायची नाही. दोघंही एकमेकांना फार जपत होते.

तिसरा होता उबारा (पिल्लांना आईसारखी ऊब देणारा यंत्रमानव). यंत्रमानव म्हटल्यावर हातपायवाला कुणी डोळ्यांसमोर आणू नका. उबारा म्हणजे टेबलाएवढी एक पेटी. छताला तापणारी तबकडी, एक कॅमेऱ्याचा डोळा, एक मऊ रबरी हात आणि सरकारी पत्रासारखी भाषा. रेणूने सहाही पिल्लं त्यातच सोडली होती.

"पिल्लू क्रमांक सहा अशक्त आहे," उबारा म्हणाला. "इतर पिल्ले त्यास टोचत आहेत. अशक्त पिल्लू वेगळे ठेवावे."

रेणूला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. आजारी माणसाला आपण वेगळ्या खोलीत, शांत ठेवतोच की! शिवाय घरात सध्या तीच रीत होती. तिने बुटांचं रिकामं खोकं घेतलं, आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी घडी करून त्यात घातली आणि पिल्लाला छान गुंडाळून खोकं आपल्या खोलीत नेलं. पिल्लू बारीक आवाजात सारखं ओरडत होतं.

"झोप आता. इथं तुले कोनी त्रास नाही देणार," ती म्हणाली.

थोड्या वेळाने ओरडणं थांबलं. झोप लागली असेल, असं रेणूला वाटलं. दुपारी तिने गोधडी उघडली तर पिल्लाची मान एका बाजूला पडलेली, डोळे मिटलेले आणि पाय ओसरीवरच्या फरशीसारखे गार. छाती तेवढी हलत होती.

ती धावत आबाजींच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. आतून तो 'खोकला' ऐकू येत होता. वाजवावं की नको? परत जावं का? ती उभीच राहिली. मग हातातल्या पिल्लाचा एक पाय थरथरला आणि तिने दारावर दणादणा मुठी मारल्या.

आबाजींनी डोळे पुसतच दार उघडलं. काही न विचारता त्यांनी पिल्लू घेतलं, स्वेटरच्या आत छातीशी धरलं आणि वरून तळहात ठेवला.

"आबाजी, मी त्याले गोधडीत ठेवलं होतं. येवढी जाड गोधडी! तरी काहून गार पडलं?"

"गोधडी कोनालेच गरम करत नाही, बेटा."

"असं कसं? आपल्याले तं ऊब येते."

"ते आपलीच ऊब असते. लहानपनी आमच्या गावात बर्फवाला यायचा. तो बर्फ कशात गुंडाळून आनायचा, सांग बरं? गोनपाटात! गोनपाट गरम असतं, तं बर्फ वितळून गेला असता ना?"

रेणूने मान हलवली.

"गोनपाट काय, गोधडी काय, हे उष्णतारोधक (उष्णतेची ये-जा अडवणारे) पदार्थ. आत ऊब असली तं ऊब राखते, गारठा असला तं गारठा राखते. स्वतः काही बनवत नाही. ऊब बनवते ते आपलं शरीर. खाल्लेलं अन्न जाळून बनवते. पन अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाची चूल अजून नीट पेटलेली नसते. त्यात हे कमजोर. त्याच्यापाशी ऊबच नव्हती, तं गोधडी राखन काय?"

थोड्या वेळाने स्वेटरच्या आत बारीकशी हालचाल झाली. पिल्लाने एक डोळा उघडला. रेणू त्याला दाणे भरवायला निघाली, तर आबाजींनी अडवलं. गार पडलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. आधी ऊब, मग पाणी, मग दाणे. त्यांनी कोमट पाण्यात गूळ विरघळवला आणि बोटाच्या टोकावरचा एक थेंब पिल्लाच्या चोचीच्या कडेला लावला. पिल्लाने तो गिळला. रेणूला केवढा आनंद झाला!

मग आबाजी पिल्लू घेऊन उबाऱ्याकडे गेले आणि त्यांनी ते बाकीच्या पाचांच्या मधोमध ठेवलं.

"सूचना," उबारा म्हणाला, "अशक्त पिल्लू वेगळे..."

"गप रे बाप्पा. टोचनारं जवळ आलं का त्याले हळूच बाजूले सार. येवढंच काम तुह्यं."

उबाऱ्याचा रबरी हात मुकाट्याने कामाला लागला. पाच पिल्लं ठिपकेवाल्याभोवती दाटीवाटीने बसली. रेणूला मात्र एक कोडं सुटेना. उबाऱ्यात वरून ऊब मिळते, हे कळलं. पण मग पिल्लं एकमेकांना अशी चिकटतात कशाला?

आबाजींनी स्वयंपाकघरातून गरम खिचडीचं ताट आणलं. ताटात दोन सारखे भाग केले. एकाची मूद तशीच ठेवली, दुसरा चमच्याने ताटभर पसरला. "लाव बोट," थोड्या वेळाने ते म्हणाले.

पसरलेली खिचडी निवली होती. मुदीत बोट घातल्याबरोबर रेणूने "हाय!" करून ते मागे घेतलं.

"खिचडी तेवढीच, शिजली बी संगच. मंग फरक काहून?" आबाजींनी विचारलं.

रेणू ताटाकडे बघत राहिली. "पसरलेल्या खिचडीले सगळीकडून हवा लागते. मुदीले फक्त वरून लागते."

"बरोबर! ऊब निघून जाते ते पृष्ठभागातून (वस्तूची जी बाजू बाहेरच्या हवेला लागते, तिच्यातून). सहा पिल्लं चिकटून बसले का त्यायची मूद होते. शेजाऱ्याले टेकलेली बाजू हवेले लागतच नाही. अन् एकटं पिल्लू म्हनजे ताटाच्या कोपऱ्यात सांडलेलं शीत. क्षणात निवते."

"मी त्याले एकटं ठेवलं," रेणू म्हणाली आणि रडू लागली.

आबाजींनी खिचडीचं ताट तसंच उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणू उठल्या उठल्या उबाऱ्याकडे गेली. पिल्लांची मूद तशीच होती आणि मधोमध तो तांबूस ठिपका दिसत होता.

"सहाव्याचं तापमान किती?"

"पिल्लू क्रमांक सहाचे तापमान योग्य आहे," उबारा म्हणाला.

तिने हात आत घालून पिल्लाला उचललं. पाय गरम होते, पोट गरम होतं, पिसंही गरम होती. पण मान सैल पडली होती आणि छाती हलत नव्हती. ती ऊब त्याची नव्हती, बाकीच्या पाचांची होती.

आबाजींनी तिच्या ओंजळीवर हात ठेवला. पिल्लू हळूहळू निवत गेलं, तोवर दोघं तसेच उभे होते.

"माह्यामुळं गेलं का, आबाजी?"

"ते आधीच लय कमजोर होतं. थंडीनं गेलं, का थंडी नसती वाजली तरी गेलं असतं, मले नाही सांगता येत. अन् जे माहीत नाही ते माहीत आहे म्हनून मी तुले सांगनार नाही." त्यांनी पिल्लाची सैल मान हलकेच सरळ केली. "पन शेवटच्या वेळी ते एकटं नव्हतं. हे मात्र मले पक्कं माहीत आहे."

अंगणातल्या कॉफीच्या झुडपाखाली त्यांनी खड्डा केला. रेणूने गोधडीचा एक तुकडा कापून पिल्लाभोवती गुंडाळला. गोधडी त्याला ऊब देणार नाही, हे आता तिला ठाऊक होतं. तरी गुंडाळलाच.

परत आल्यावर ती उबाऱ्यासमोर बसली. "तुहा नियम बदल."

"नियम बदलण्यासाठी कारण सांगावे."

रेणूने सांगितलं. बर्फवाल्याचं गोणपाट सांगितलं, खिचडीची मूद सांगितली. "पिल्लू कमजोर दिसलं का आधी पाय पाहा. गार असन तं पहिले ऊब दे आन बाकीच्यायच्या जवळच ठेव. टोचनाऱ्याले तू आवर. साथीचा आजार असन तरच वेगळं काढ, आन तेव्हाही वेगळ्या उबेत ठेव, नुसत्या गोधडीत नाही. आन नुसतं तापमान पाहून बरं आहे म्हनू नको. श्वास पाहा."

उबाऱ्याचा हिरवा दिवा बराच वेळ लुकलुकला. "कारण पटले. मेळघाटातल्या इतर उबाऱ्यांना कळवू काय?"

"कळव."

संध्याकाळी जेवण झाल्यावर आबाजी आपल्या खोलीकडे निघाले. त्यांनी दाराला हात लावला तेवढ्यात मागून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला. रेणू आपला पलंग एकटीच ओढत आणत होती.

"हे काय करून राहिली व?"

"दुसरं टोक धरा."

"अव, माह्या खोकल्यानं तुले झोप..."

"तुम्ही खोकत नाही, आबाजी. मले ऐकू येते. माहं बी इकडं तेच चालू असते."

आबाजींनी वाकून दुसरं टोक धरलं. पलंग दाराच्या चौकटीत आडवा अडकला, तो आत जाईना की बाहेर येईना. "कृपया आवाज कमी करावा," उबारा पलीकडून म्हणाला, "पाच पिल्ले झोपली आहेत."

दोघं त्या अडकलेल्या पलंगावरच एकमेकांना टेकून बसले. आता दार लागणं शक्यच नव्हतं. आजी गेल्यापासून आबाजी पहिल्यांदाच दार उघडं ठेवून रडले, आणि रेणूही.