सहाशे साठ सीसीचा संशय

संत्र्यांच्या बागांमधल्या त्या खड्या चढावर चिझुरूची गाडी धापा टाकत थांबली, तेव्हा मागून आलेल्या छोट्या ट्रकमधून हायातो उतरला. बॉनेटमधून भसाभस वाफ येत होती.

"नर्सबाई, संपलं हिचं. माझ्या गॅरेजात एक जुनी आहे. सहाशे साठ सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोलही जपून पिते."

"इतकी गुणी आहे, तर विकताय कशाला?"

तो हसला. तिला हसू आलं नाही. मागच्या हिवाळ्यात अशीच गाडी बंद पडली होती. ती पोचेपर्यंत वरच्या वस्तीतल्या कुमे आजोबांचा हात गार पडला होता. तेव्हापासून तिचा इंजिनांवर विश्वास नव्हता. इंजिनं विकणाऱ्यांवर तर नव्हताच.

तिने गॅरेजातली ती जुनी गाडी चालवून पाहिली. "सुरू करताना ही खडखड कसली?"

"बघतो," तो म्हणाला, आणि… नजर चुकवली.

आठवड्याने गाडी ताब्यात आली, तर खडखड गायब! वर दर शनिवारी हा दवाखान्याच्या दारात हजर— "ऑइल बघून जातो."

नक्कीच काहीतरी लपवतोय! तिने गाडी थेट उवाजिमा शहरातल्या म्हाताऱ्या मेकॅनिक त्सुनेओंकडे नेली. त्यांनी इंजिन उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "टायमिंग चेन नवी, सील नवे. इतक्या जुन्या गाडीवर एवढी मेहनत? वेडा आहे कोणीतरी."

ती तडक गॅरेजात गेली. "मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर म्हणाला असतात— इंजिन उघडलं, म्हणजे मोठाच घोळ असणार."

अगदी हेच म्हणाली असती ती.

"त्या दिवशी तुम्ही वाफेकडे बघत नव्हता," तो हळूच म्हणाला, "घड्याळाकडे बघत होता. वर कोणीतरी वाट बघत असणार… मग मला अर्धवट काम करवेना."

तरी आवाज कडक ठेवून तिने विचारलं, "आणि दर शनिवारचं ऑइल?"

त्याचे कान लाल झाले. "ते… पहिल्यापासून ठीकच होतं."

"म्हणजे थापा मारत होतात!"

"हो."

"रविवारी मला सुट्टी असते," दाराकडे वळत ती म्हणाली. "या. पण बॉनेट उघडायचं नाही."

"मग बघायचं काय?"

चिझुरू थांबली. मान किंचित वळवून म्हणाली, "इतके शनिवार काय बघत होतात?"