न दिसलेला वाघ

उद्या थिएटर पाडणार होते, म्हणून ती दुपारीच आली. प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरची मुलगी म्हणून तिला इथे ओळखणारे आता एकटे डोअरकीपरकाका उरले होते. प्रोजेक्टरच्या केबिनच्या माळ्यावर तिच्या लहानपणच्या एका हिंदी जंगलपटाचे डबे अजून होते. फिल्म इतकी ठिसूळ झाली होती की, मशीनमधून जेमतेम एकदा गेली असती. तिला एकदाच हवी होती.

सिनेमा कसला, नुसता पोरखेळ! नायक वेलीला लोंबकळायचा अन् गोरिलाच्या पाठीवरची चेन मागच्या रांगेतूनही दिसायची. आठवड्याभरात उतरला. पण त्या आठवड्यात आई कामावर, म्हणून सहा वर्षांची ती रोज बाबांपाशी केबिनमध्ये. वाघाची नुसती डरकाळी ऐकून ती भोकाड पसरायची. मग बाबा भिंगासमोर हात धरायचे. पडद्यावर अर्ध्या तर्जनीचा भलामोठा हात, खाली शिट्ट्या आणि शिव्या! अख्ख्या गावाने वाघाचा सिनेमा वाघाविना पाहिला.

रडू ओसरलं की ती स्टुलावर चढून त्यांची बोटं ओढायची.

"बघू द्या ना, बाबा!"

"मोठी झालीस की बघ."

ती मोठी झाली, परगावी गेली. बाबांच्या शेवटच्या आजारात पोहोचली ती ते गेल्यावर, एक दिवस उशिरा. ते मनाला लागून राहिलं होतं.

स्टूल कोपऱ्यात सरकवून तिने रीळ चढवलं. खाली रिकाम्या खुर्च्यांत काका बसले. मशीन घरघरू लागलं. मध्येच फिल्म चिकटवायच्या सोल्युशनचा, बाबांच्या हातांना यायचा तो उग्र वास आला. बाटली तर कधीच वाळून गेली होती...

डरकाळी झाली, आणि पडदा काळवंडला. पडद्यावर हात होता. तर्जनी अर्धी.

तिने भिंगाकडे पाहिलं. समोर काहीच नव्हतं.

"ओ ऑपरेटर, हात काढा..." काका सवयीने ओरडले आणि खुर्चीतून उठून उभे राहिले.

"बाबा..." ती पडद्याकडे पाहत पुटपुटली. "झाले हो मी मोठी... यायला उशीर झाला. रागावलात?"

बोटं हळूहळू फाकली. फटीतून वाघ दिसला. म्हातारा, गळ्यात दोरी, चक्क जांभई देणारा. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून पडदा दिसेनासा झाला. तेवढ्यात फिल्म तुटली.

काका धापा टाकत वर आले.

"तुझ्या बाबांचा हात मी कुठेही ओळखेन," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पण पोरी... त्यांची बोटं ओढणारा तो चिमुकला हात कुणाचा होता गं?"

ती वळली. कोपऱ्यात सरकवलेलं स्टूल भिंगाला लागून उभं होतं.