घर जवळ येत होतं

पटत नसेल तर सोडून द्या, भांडायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. मागच्या थंडीत, जंगलाच्या हद्दीवर, भर दुपारी.

मी आणि दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, हद्दीचे दगड तपासत फिरतो. साहेबांनी हातात धरायची दोन जीपीएस यंत्रं दिली. एक बटणांचं, एक टचस्क्रीनचं.

"दोन्ही वापरून बघा आणि कुठलं घ्यायचं ते सांगा."

म्हणजे ओझं दुप्पट. असो.

आमची एक पद्धत आहे. जीपमधून उतरलं की आधी ती जागा यंत्रात 'घर' म्हणून टाकायची. परतताना बाण तिकडे नेतो. त्या दिवशी दोन्ही यंत्रांत मीच टाकली, एकाच जागी उभा राहून.

दुपारी धुकं उतरलं. बोटं ओली, टचस्क्रीन ढिम्म हलेना.

दाजी खूश. "बघ, शेवटी बटणवालंच कामाला आलं!"

त्याच्या बाणामागे चालत राहिलो. पाय नुसते भरून आले होते. शेवटी दाजींनी एका दगडावर बसकण मारली. यंत्रात घर चारशे मीटर.

मग...

तीनशे.

आम्ही तर बसलो होतो.

"दाजी, हे बिघडलंय."

"बिघडू दे की. चालायचं वाचलं. घरच येतंय आपल्याकडे!"

ते हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

आणि लक्षात आलं... पाखरं गप्प झालीत. पानांवरून टपटपणारं पाणीसुद्धा.

दोनशे.

मी शर्टाच्या आत बोट पुसून टचस्क्रीनवर दाबलं. लागलं एकदाचं. त्यात घर आमच्या पाठीमागे होतं, खूप लांब. आकडा जागचा हलत नव्हता.

मी दाजींचा दंड धरून ओढला.

"दाजी, उठा. उलटं जायचंय."

"तू हो पुढे. मी दमलोय रे. ते येतंय ना."

पन्नास.

समोर धुक्यात... कडी काढल्याचा आवाज आला. आतून कुणीतरी दार उघडावं, तसा.

दाजी उठले आणि तिकडेच निघाले. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. शिव्या घातल्या, ताईची शपथ घातली. यंत्र त्यांच्या हातून पडलं. त्यांना अक्षरशः फरफटत मागे नेलं.

पाठीमागे ते यंत्र एकदाच वाजलं. पोहोचल्यावर वाजतं, तसं.

जीप सापडली. साहेबांना सांगितलं, टचस्क्रीनवालं घ्या. दुसरं हरवलं म्हणून बोलणी खाल्ली.

दाजी तेव्हापासून कामावर येत नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसतात.

ताई म्हणते, "अहो, घरात चला ना."

ते म्हणतात, "थांब, येतंय."

काल तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"अरे, हे उठून उभे राहिलेत. आणि अंगणापलीकडे कडी वाजतेय... तिथे दारच नाहीये!"

तसाच धावत आलो. आता आम्ही पाळीपाळीने दाजींचा हात धरून बसतो. ताईला वाटतं, मी आहे म्हणून ते सुरक्षित आहेत. तिला काय सांगू?

मी फार दमलोय हो. आज तो आवाज मलाही आला...

आणि जावंसं वाटलं.