खोट्या बाळंतिणीचे लाडू

जळगावातल्या त्या काष्ठौषधीच्या दुकानात नेहमी इंदिराबाई बसायच्या, म्हणून तर दिपमाला तिथं गेली होती. पाळीत पोट दुखतं एवढं त्यांच्या कानाशी बोललं, की त्या बरोबर पुडी बांधून देतात, असं ऑफिसातल्या बायकांनी सांगितलं होतं. पण इंदिराबाईंचा गुडघा धरला होता आणि गल्ल्यावर होता त्यांचा भाचा, भूषण. शर्टाच्या बाहीला हळद लागलेली, नजर सरळ.

“काय देऊ, ताई?”

“बाळंतशेपा...”

“कोणासाठी?”

पोटात कळ आली. तिनं फळीची कड घट्ट धरली. “बहिणीसाठी. बाळंतीण आहे ती.”

दिपमालाला बहीणच नव्हती.

त्यानं शेपा बांधल्या, वर सुंठ आणि हळीव काढले, कशात काय घालायचं ते मान खाली घालून समजावलं. मग हळूच विचारलं, “मुलगी की मुलगा?”

“मुलगी,” ती म्हणाली, आणि घरी जायला एरंडोलच्या बसमध्ये बसेपर्यंत तिचे कान तापलेले होते.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली. शेपांनी थोडं बरं वाटायचं, हे खरं. पण जाताना तिनं केस दोनदा विंचरले, हेही खरंच. यावेळी भूषणच्या बोलण्यातलं ‘ताई’ गळालं होतं.

“भाचीचं नाव काय ठेवलं?”

“रूपल.”

“छान आहे... डोळे मावशीवर गेलेत?”

दिपमाला हसली. आणि आपण हसलो, म्हणून रात्रभर स्वतःवर चिडली.

तिसऱ्या खेपेला त्यानं फळीखालून स्टीलचा डबा काढला. “आत्यानं डिंकाचे लाडू केलेत, तुमच्या बहिणीसाठी. खारीक स्वतः कुटली. मी म्हटलं, मी कुटतो, तर ऐकेना.” दुकानाच्या आतून इंदिराबाई पाय लांब करून बसलेल्या दिसत होत्या. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. तळहाताला पट्टी बांधलेली होती.

डबा घरी आला तसाच राहिला. आईनं विचारलं, कुणाचा? दिपमालानं तो फडताळात मागे सरकवला. झाकण उघडलं की तुपाचा वास यायचा आणि ती पट्टी आठवायची. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या आठवड्यात कळलं.

शनिवारी ती डबा घेऊन दुकानात गेली. दोन गिऱ्हाइकं होती. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबावं, असं आधी ठरवलं होतं. पण आपण थांबलो तर तोंडच उघडणार नाही, हेही तिला माहीत होतं.

“मला बहीण नाही,” ती म्हणाली. “भाचीही नाही. पाळीत माझं पोट दुखतं. तुमच्यासमोर सांगायची लाज वाटली, म्हणून...”

भूषणचा चेहरा उतरला. “रूपलच नाही?” एवढंच त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

इंदिराबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. मूळच्या साक्रीच्या, अहिराणी बोली कधी सुटली नव्हती. “कितला दिन दुखस, बेटा?”

“दोन दिवस उठवत नाही. चक्करही येते.”

“मंग शेपा चावीसन काय व्हई? पहिले डाक्टरीणले दखाड. आनि लाडू तूच खाय. येम्हा लाज कसानी?”

दिपमालानं त्यांचा पट्टीचा हात हातात घेतला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त कमी असल्याचं सांगितलं, औषधं दिली. पंधरा दिवसांनी ती दुकानात गेली आणि भूषणला सगळं नीट सांगितलं, आवाज न दबवता. त्यानं ऐकलं. मग तराजूचं पारडं उगाच पुसत राहिला.

“मलाही एक सांगायचंय,” तो म्हणाला. “तुमची बहीण लवकर बरी होऊ नये... असं मला वाटायचं.”

“का?”

“ती बरी झाली, तर तुम्ही कशाला याल?” त्यानं वर पाहिलंच नाही. “बाळंतिणीबद्दल असं मनात येणं... स्वतःचीच लाज वाटायची. घरी जेवताना आत्याच्या तोंडाकडे बघवायचं नाही.”

दिपमालाला वाटलं, आपण एकटीच लाजतोय, असं इतके दिवस कसं वाटलं? बाहीची हळद आज त्याच्या कानालाही लागली होती. ती पुसावी, असं तिच्या फार मनात आलं. हात मात्र जागचा हलला नाही.

“रविवारी मी घरी, एरंडोलला असते,” ती म्हणाली. “पद्मालयाच्या गणपतीला याल? औषध विचारायला नाही. नुसतं तळ्याकाठी बसायला.”

“आत्याला काय सांगू?”

“खरं ते सांगा.”

आतून इंदिराबाई म्हणाल्या, “सांगानी गरज नही. मी आयकं बठ्ठं.”

म्हणजे सगळं ऐकलं होतं तर! दोघांनीही माना खाली घातल्या. पण दिपमाला तिथून हलली नाही.